कीपरची जागा

विकेटकीपरचा चेहरा टिश्यूवर उतरून आला. पॉलीनचा हात थबकला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ओट्यावर, पुसून कोरड्या केलेल्या दुधाच्या कॅनशेजारी, ते कार्ड पडलं होतं. काडेपेटीहून थोडंच मोठं. त्यातले हातमोजे शाबूत होते. पायांवरचे पॅड, मागची ती खोटी वाटणारी हिरवळ, कोपऱ्यातला लाल बिल्ला, सगळं जागच्या जागी होतं. फक्त कॉलरच्या वर, जिथे टोपी आणि मिशी आणि उन्हाने बारीक केलेले डोळे असायला हवे होते, तिथे एक तपकिरी फराटा तेवढा उरला होता. सॅनिटायझरचा वास अजून हवेत होता. पुसायचं असं तिने ठरवलं नव्हतंच. गेल्या दीड वर्षात या घराच्या दारातून जे जे आत आलं, दूध, केळी, गाडीच्या चाव्या, मेरिलच्या शाळेने पाठवलेलं रंगकामाचं पाकीट, त्या सगळ्यावर आधी फवारा, मग टिश्यू, मग आत, असा हाताचा नेम बसून गेला होता; आणि हाताला दूध काय नि कार्ड काय. सिडनीहून आलेलं हे पाकीट तर तिने दोनेक दिवस गॅरेजमध्ये मुरत ठेवलं होतं. आज सकाळी मोठ्या हौसेने ते उघडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड बाहेर काढलं, आणि ती अजून त्या मिशीकडे बघत होती तेवढ्यात हाताने आपलं काम उरकून टाकलं.

"मम्मा, व्हेअर डिड हिज फेस गो?" टेबलावर लॅपटॉपसमोर बसलेल्या मेरिलने विचारलं. पाच वर्षांची मेरिल, तिची शाळा महिनाभर टेबलावरच भरत होती, आणि कॅमेरा बंद करून ती आईवर पहारा ठेवत असे. "पुसला गेला," पॉलीन म्हणाली. "बट व्हाय डिड यू पुसलं हिम?" याला काय सांगायचं. बाहेर वारा सुटला होता, मेलबर्नजवळच्या वेरिबीचा तो सपाट मैदानांवरून येणारा, दाराखालून शिटी घालणारा वारा, आणि रस्त्यावर कुणीतरी रिकामा कचऱ्याचा डबा आत ओढून नेत होतं. पॉलीनने टिश्यू उलगडून बघितला. त्यावर खरंच एक चेहऱ्यासारखं काहीतरी होतं, फिकट, उलटं, डावीकडचं उजवीकडे झालेलं. एरवी वापरलेला टिश्यू हातातून सरळ झाकणाच्या डब्यात जाई. हा मात्र तिला टाकवेना. तिने तो घडी करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, वर एक चमचा ठेवला, उडू नये म्हणून, आणि मग तिथेच उभी राहून ती विचार करू लागली की रविवारी दादाला आता काय दाखवायचं.

दादा म्हणजे रुडॉल्फ, तिचा मोठा भाऊ. वसईत, भुईगावच्या घरात, ओटीवरच्या खुर्चीत बसून असलेला. मे महिन्यात तो ऑक्सिजनवर होता, आणि पॉलीन इथे, या ओट्याशी, हाच टॅप सोडून त्याच्या आवाजात रडून घेत होती, मेरिलला कळू नये म्हणून. देशाबाहेर पडायलाच परवानगी लागत होती तेव्हा. परवानगी मिळाली असती तरी परत यायची खात्री नव्हती, आणि मेरिलला कुणाकडे ठेवायचं. नवरा, क्लाइव्ह, हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या कामावर, शिफ्टवरून आला की गॅरेजमध्येच कपडे काढून लाँड्रीतून आत येणारा. तो दिवसभर लोकांच्या छात्या बघून यायचा आणि तिला सांगायचा, "दादा वाचेल गं, वय काय त्याचं." तिला त्या वाक्याचा आधार वाटायचा आणि रागही यायचा. त्या दिवसांत धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ स्मृतिकार्डं येत. एरवी माणूस गेल्यावर महिन्याच्या मिस्सेला चर्चमध्ये हातात देतात ती. लंबगोल चौकटीत फोटो, जन्माची तारीख, मरणाची तारीख, खाली प्रार्थना. पूर्वी ती आईच्या प्रार्थनापुस्तकात पानापानांत दडलेली असायची, आणि मिस्सा लांबली की पॉलीन त्यातले मेलेले लोक बघत बसायची. आता ती फोनवर येत होती, एकावर एक, काही चेहरे तर असे की ज्यांनी तिला शाळेत गणित शिकवलं होतं. आपल्या माणसाचा फोटो कुणी तरी लंबगोल कापतंय असं तिला सारखं वाटे. ग्रुप बंद करायचा धीर नव्हता आणि बघायचाही नव्हता, तेव्हा ती एका दुपारी फोन हातात घेऊन, काय शोधतेय हे स्वतःलाही धड न सांगता, लिहून बसली: जुनी क्रिकेटची कार्डं, बबलगममधली.

आणि ती होती! कुठल्या कुठे लोक ती जपून बसले होते. त्याच त्या पांढऱ्या कडा, तेच फलंदाज, तोच बिघडलेला रंग, सगळ्यांच्या चेहऱ्यावर थोडी कावीळ. पॉलीन बोटाने एकेक सरकवत राहिली. हे कार्डावरचे सगळे तरुण होते, उन्हात उभे होते, कुणाच्याच खाली तारीख नव्हती. किती तरी दिवसांनी तिचा श्वास छातीच्या खालपर्यंत गेला. मग तिला अल्बमची आठवण झाली, आणि ती तशीच उठून गॅरेजमध्ये गेली.

नाताळच्या गोठ्याच्या खोक्यात, मेंढरांच्या आणि तीन राजांच्या खाली, तो होता. लग्न होऊन इथे आली तेव्हा आईने बॅगेत सुके बोंबील भरले होते, कागदात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग पुन्हा कागदात. आणि निघायच्या आधी रुडॉल्फने ते सगळं उपसून काढलं. "अगं आई, तिथे विमानतळावर कुत्रे असतात. पोरगी नवऱ्याआधी कोर्टात जाईल." बोंबलाच्या जागी त्याने काय कोंबलं ते तिला इथे येऊन कळलं. तेव्हा ती हसली होती, आणि नव्या घराच्या गडबडीत अल्बम कुठेतरी ठेवून दिला होता. त्यानंतर नोकरी, मेरिल, हप्त्यांचं घर. मध्ये किती नाताळ गेले, दरवर्षी गोठा काढताना तो हाताला लागायचा आणि दरवर्षी ती म्हणायची, बघू नंतर. काळ्या जाड पानांचा अल्बम, तिच्या फर्स्ट कम्युनियनला कुणा आत्याने दिलेला. पहिल्या पानावर ती स्वतः, पांढऱ्या झग्यात, हातात मेणबत्ती, एक डोळा मिटलेला. असे फोटो चारच निघाले होते. उरलेली पानं बघून रुडॉल्फचा जीव राहिना. आणि बहिणीच्या पवित्र अल्बमात त्याने एक अख्खी क्रिकेट टीम आणून बसवली.

स्टेशनच्या वाटेवर एक टपरी होती, तिथे ते गुलाबी गम मिळे. रुडॉल्फ पुडी घेताना डोळे मिटून बोटं फिरवायचा. त्याचं म्हणणं, जाडीवरून कळतं, बॅट्समन जाड लागतो. टपरीवाला ओरडायचा, "अरे ए डॉक्टर, नाडी बघून झाली असेल तर घे एकदाची!" गम पॉलीनच्या वाट्याला आणि कार्ड त्याच्या, असा करार होता. खरं तर गमची चव चार चावांत संपे आणि मग रबर उरे, पण वास कार्डाला लागून राही, पिठीसाखरेचा आणि गुलाबी रंगाचा, आणि अल्बम उघडला की तो वासच आधी बाहेर येई. बाकीची पोरं कार्डं भिंतीवर आपटून जिंकायची, हरायची, कडा झिजवायची. रुडॉल्फने कधी एकही आपटलं नाही. त्याला अकरा जण उभे करायचे होते, मैदानावर असतात तसे, आपापल्या जागी, काळ्या पानावर. स्लिप इथे, गली तिथे. दहा जमले. कीपर काही मिळेना. चार कोपरे चिकटवून मधली जागा मोकळी ठेवलेली, आणि स्वतः रुडॉल्फ चर्चच्या मैदानावर कीपिंग करायचा, हातमोज्यांत जुने मोजे कोंबून, म्हणून ती जागा त्याला फारच लागे. एकदा पॉलीनने तिथे संत अंतोनी लावला, धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षीस मिळालेल्या कार्डावरचा, हरवलेल्या वस्तू शोधून देणारा. "तोवर हा उभा राहील, दादा." रुडॉल्फ भडकला होता. "अंतोनीला कॅच येतो का?" "त्याच्या हातातलं बाळ कधी पडलंय का?" ती म्हणाली होती. अंतोनी राहिला. गॅरेजमध्ये, इतक्या वर्षांनी, तिने ते पान उघडलं तेव्हा तो स्टंपांच्या मागे, तपकिरी झग्यात, बाळ येशूला दोन्ही हातांत धरून उभाच होता. वास मात्र गेला होता. तिने नाक अगदी पानाला लावून बघितलं. रोज सकाळी चहाच्या डब्यात नाक घालून आपल्याला वास येतोय ना याची ती खात्री करून घेत असे, तसंच.

त्या दिवसापासून तिला कीपर हवा झाला. हवा म्हणजे कसा, तर मनातल्या मनात तिने त्याच्यावर काहीतरी टांगून ठेवलं होतं, आणि ते काय हे ती स्वतःला स्पष्ट विचारत नव्हती. तशी ती देवभोळी नव्हे, एम. एस्सी. झालेली, मेलबर्नच्या युनिमध्ये ॲडमिनचं काम करणारी. पण रुडॉल्फ जूनमध्ये घरी आला, आणि घरी आला तो वेगळाच आला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठीक आहेत, हिंडूफिरू दे. तो हिंडत नव्हता, बोलतही नव्हता. वाडीकडे तोंड करून ओटीवर बसायचा. आई फोनवर आवाज बारीक करून सांगायची, "बाय, हू की चू नाही गं. विचारलं तर मान हलवतो. चहा दिला तर पितो, नाही दिला तर मागत नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसतो." पॉलीन रोज फोन करायची. रोज विचारायची, "दादा, आज किती?" आणि रुडॉल्फ काही न बोलता बोटाला ऑक्सिजन मोजायचं ते चिमट्याचं यंत्र लावून बोट कॅमेऱ्यासमोर धरायचा. पडद्यावर मग बोटच बोट, आणि त्याच्यावर लाल आकडा. आकडा चांगला असायचा. ती म्हणायची, "छान आहे, दादा." बोट खाली जायचं, आणि त्याच्यामागून त्याचा चेहरा येईपर्यंत आईने फोन स्वतःकडे वळवलेला असायचा. असं किती दिवस चाललं होतं? एक दिवस तिच्या लक्षात आलं की दादा आता कसा दिसतो, दाढी ठेवलीय की नाही, हे आपल्याला सांगता येणार नाही. त्याचं बोट मात्र तिला पाठ झालं होतं. नखावर एक पांढरा ठिपका होता, तो महिन्याभरात वर सरकला.

कीपर सापडला तो सिडनीत, हॅरिस पार्कला. श्रीनाथ नावाच्या एका गृहस्थांकडे. कार्डं जमवणाऱ्यांचा एक ग्रुप होता, तिथे तिने लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन. "हॅलो, पॉलीन मॅडम? हिंदी में बात करें या इंग्लिश?" "मराठीत बोला की." "अरे! तुम्ही पॉलीन आणि मराठी? पण काय सुंदर बोलता हो मराठी!" हे वाक्य तिने कॉलेजात, ऑफिसात, लग्नाच्या हॉलमध्ये, आयुष्यभर ऐकलं होतं. "तुम्हीपण छान बोलता," ती म्हणाली. "कुठे शिकलात?" पलीकडे तो इतका हसला की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला. "चुकलो, चुकलो. कोथरूडला शिकलो, मॅडम. घरीच शिकवायचे." तोही वीस वर्षांनी परत या नादाला लागला होता. बायको म्हणते लोक लॉकडाऊनमध्ये ब्रेड करायला शिकले आणि तू मात्र मागे मागे चाललायस. कीपर त्याच्याकडे डबल होता, आणि पॉलीनकडे होता एक डावखुरा स्पिनर डबल. "म्हणजे जमलंच की! पण कार्ड जपा हं. पाणी नको, ऊन नको, आणि लहान मुलांचे हात तर अजिबात नकोत." तिने ते वाक्य मेरिलला बजावून सांगितलं होतं. मेरिलने शहाण्यासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधून मान हलवली होती. आणि वसईला स्वतःच्या आईला पॉलीन म्हणाली होती, "आई, रविवारी दादाला फोनसमोर बसव. मिस्सा झाली की लगेच. मला त्याला एक दाखवायचंय." आई म्हणाली, "बसवीन गं. बघेल का, ते देवाला माहीत." एवढंच. पण मनात तिने चित्र रंगवून ठेवलं होतं: पान भरलेलं, अकराच्या अकरा, आणि दादा वाकून बघतोय, आणि म्हणतोय... पुढचं चित्र तिला दिसत नसे. म्हणतोय काहीतरी, एवढं पुरे होतं.

आणि आता हा बिनचेहऱ्याचा. ती दिवसभर त्याच्या आसपास वावरत राहिली. मेरिलला नूडल्स दिले, दोन मीटिंगा झाल्या, आपला आवाज मीटिंगमध्ये कसा शांत, समजूतदार येतो हे तिने बाजूला उभं राहून ऐकल्यासारखं ऐकलं. दुपारी मेरिलला घेऊन ती चालायला गेली. बागेतल्या घसरगुंडीला बंदी म्हणून बांधलेली पिवळी पट्टी नुकतीच सोडली होती, तरी मुलं लांबूनच बघत होती, परवानगी खरी आहे का असं. वॅटलची झाडं पिवळी फुलली होती, मॅगपाय पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झेपावत होते, आणि मास्कच्या वर नुसते डोळे घेऊन माणसं एकमेकांना हात करत होती. हेही सगळे खालून पुसलेले, तिच्या मनात आलं. कार्डावरचा वरून पुसलेला होता. लंबगोल चौकटीतले लोक मात्र स्वच्छ दिसतात, पूर्ण चेहऱ्याने, हसरे. मग न दिसणं हे वाईट की चांगलं? असल्या विचारांना शेंडा-बुडखा नसतो हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ती मेरिलचा हात घट्ट धरून त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेली. "मम्मा, टू टाइट," मेरिल म्हणाली.

क्लाइव्ह संध्याकाळी लाँड्रीतून ओले केस पुसत आत आला, आणि खिडकीच्या कट्ट्यावरचा चमचा उचलून म्हणाला, "हे काय, नॅपकिनला पेपरवेट?" तिने सांगितलं. तो हसणार होता, पण तिच्याकडे बघून त्याने ते गिळलं. कार्ड उजेडात धरून त्याने एक्स-रे बघतात तसं मान वाकडी करून बघितलं. "बाकी पेशंट चांगला आहे," तो म्हणाला. "फक्त ओळख पटत नाही."

"क्लाइव्ह, प्लीज."

"बरं. दुसरं मिळेल?"

"वीस वर्षांत मिळालं नव्हतं. आणि रविवार परवावर आलाय." मग ती म्हणाली, "मला ना, हे बरं वाटत नाहीये. असं व्हायला नको होतं. दादाचं म्हणून आणलं आणि मी... माझ्याच हातानं."

"पॉली, ते कार्ड आहे. दादा नाही." त्याने ते हळूच ओट्यावर ठेवलं. "तसंच दाखव त्याला."

"चेहरा नसलेलं? त्याला? आत्ता?"

"मग नको दाखवू. ऑक्सिजन विचार आणि ठेव फोन," क्लाइव्ह म्हणाला. तो हे चिडून म्हणाला नव्हता. फ्रिजमधून दही काढता काढता, सहज. त्यामुळेच ते तिला लागलं असावं. तिने श्रीनाथला मेसेज केला, खरं काय झालं ते लिहून. जेवण उरकत असताना फोनवर त्याचा व्हॉइस मेसेज आला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "सॅनिटायझर? अहो, त्याला काय सर्दी झाली होती का?" मग उसासा टाकून, "जाऊ द्या. मी गेल्या वर्षी कोथिंबीर साबणाने धुतलीय, मॅडम. चटणीला फेस आला होता. दुसरा कीपर शोधतो, पण मिळेल असं सांगत नाही." मेरिल हसून हसून खुर्चीवरून खाली आली. पॉलीनलाही हसू आलं, आणि ते हसू कुठेतरी आत जाऊन अडकलं, पुरतं बाहेर आलं नाही.

रविवारी तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि भुईगावच्या चर्चमधली मिस्सा लावली. रिकाम्या बाकांसमोर फादर उभे होते, आणि पंख्याचा आवाज त्यांच्या आवाजावर चढत होता. तिथे अजून सकाळ होती, इथे ऊन टेबलाच्या मध्यावर आलेलं. दुखणाइतांची नावं वाचली गेली. रुडॉल्फचं नाव आता त्यांत नसे, तरी ती दर रविवारी ते येईल म्हणून अंग आखडून बसायची. आज अल्बम समोर होता. तिने अंतोनीला कोपऱ्यांतून अलगद सोडवून फ्रिजवर चुंबकाखाली लावलं होतं, आणि त्याच्या जागी तो बिनचेहऱ्याचा कीपर सरकवला होता. नीट बसला होता तो, कोपरे अगदी त्याच्याच मापाचे. हातमोजे पसरून, किंचित वाकून, चेंडूची वाट बघत. मिस्सा संपली. तिने फोन लावला.

आईचं कपाळ दिसलं, मग छप्पर, मग ओटीचा खांब. "थांब गं, धरते नीट. रुडॉल्फ, पॉली आहे. बघ इकडे." आणि सवयीने, कुणी काही म्हणायच्या आत, बोट वर आलं. चिमट्यातलं. लाल आकडा लुकलुकून स्थिर व्हायला लागला. पॉलीनच्या जिभेवर "छान आहे" हे दोन शब्द तयार होते. तोंड उघडलंही होतं. मग तिने ते मिटलं, आणि अल्बम उचलून तो कॅमेऱ्यासमोर धरला, सगळं पान भरून, आपला चेहरा त्याच्यामागे गेला तरी चालेल असा. तिला काही दिसत नव्हतं. अल्बमची काळी पाठ तेवढी, आणि टेबलावर टेकलेली आपली कोपरं. पलीकडे वाडीतला कावळा ओरडत होता.

"जवळ घे," आवाज आला. खरबरीत, न वापरलेला. तिने जवळ घेतलं. "वर नाही. मधे. हां."

तिने अल्बम तसाच धरून ठेवला.

"हा कोण गं? याचं तोंड कुठे गेलं?"

"मी पुसलं, दादा. सॅनिटायझरने." अल्बमच्या मागूनच ती बोलली. "इतक्या वर्षांनी मिळाला, सिडनीहून आला, आणि मी दुधाच्या कॅनसारखा पुसला."

आधी तिला वाटलं त्याला खोकला लागला. तिने अल्बम खाली केला. रुडॉल्फ हसत होता. दाढी वाढली होती, अर्धी पांढरी, गाल आत गेले होते, आणि तो हसत होता, हसता हसता खोकत होता, खोकता खोकता यंत्र लावलेल्या हातानेच डोळे पुसत होता, आणि शेजारी आई "अरे हळू, अरे हळू" म्हणत त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. फोन तिच्या हातात हलत होता, आणि चेहरा मधेच चौकटीतून बाहेर जात होता नि परत येत होता. खोकला किती वेळ, दम लागतोय का, ओठ कसे दिसतायत, सगळे प्रश्न पॉलीनसमोर रांगेत येऊन उभे राहिले. तिने त्यांना उभं राहू दिलं. विचारलं काहीच नाही.

"अंतोनी कुठाय?" दम घेऊन तो म्हणाला.

"फ्रिजवर."

"फ्रिजवर? बिचाऱ्यानं इतकी वर्षं एक कॅच सोडला नाही, आणि त्याला काढून हे बिनतोंडाचं उभं केलंस?"

"मला वाटलं तुला हाच हवा होता."

"हवा होता." तो थोडा वेळ बघत राहिला, तिच्याकडे की पानाकडे ते फोनवर कळत नाही. "हात बघ त्याचे. हात चांगले आहेत. कीपरचं तोंड कुणी बघतं काय? काढू नको याला. आणि अंतोनीलाही आण. मागे ठेव. कीपरच्या हातून चेंडू सुटून बाय जातोच कधी, तेव्हा मागे कुणीतरी असलेला बरा." मेरिल एव्हाना पॉलीनच्या मांडीवर चढून कॅमेऱ्यात शिरली होती. "मामा, मम्माने हिम पुसलं," तिने जाहीर केलं. "आय डिडन्ट टच!" "माहितीये बाळा," रुडॉल्फ म्हणाला, "तुझी आई लहानपणापासून अशीच. मला एकदा अंघोळीनंतर परत अंघोळ घातलीय हिनं." मग त्याने बोटाचं यंत्र काढलं आणि बाजूला, खुर्चीच्या हातावर ठेवलं. ठेवल्याचा बारीकसा आवाज आला. "आज आकडा नाही विचारलास ते?"

"विचारू?"

"नको." तो मागे टेकला. मागे केळी हलत होत्या. तिथेही वारा असावा. "तू सांग. तू कशी आहेस?"

पॉलीनने तोंड उघडलं. गेल्या दीड वर्षात हा प्रश्न तिला रोज कुणीतरी विचारत होतं, मीटिंगच्या सुरुवातीला, मेलच्या पहिल्या ओळीत, रस्त्यात लांबून हात करून, आणि ती "ऑल गुड, ऑल गुड" म्हणत आली होती. आता दादा वाट बघत होता, हात मांडीवर मोकळे ठेवून, अजिबात घाई नसल्यासारखा. बोट धरून दाखवता येईल असं तिच्याकडे काही नव्हतं. मेरिलच्या केसांत नाक खुपसून तिने एक श्वास घेतला. शाम्पू, नूडल्स, थोडासा घाम. येत होता वास. "दादा," ती म्हणाली, "इथे ना, वारा फार सुटतो रे," आणि मग तिथूनच सुरुवात करून ती सांगत राहिली.